फराळाची पिशवी आणि बाणावलीतले सहा दिवस

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, घरात सगळे बॅगांच्या चेन ओढत असताना, मी वजनकाट्यावर उभी राहिले. ६८.४. नवरा मागून म्हणाला, "हा काटा पण घेऊन चलतेस का गोव्याला?" चेष्टाच होती, पण तो विचार माझ्या मनात खरोखर येऊन गेला होता. नेला नाही. त्याऐवजी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकली.

सव्वा वर्षापूर्वी मी ७६ होते. तेव्हा एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तपासणी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि 'उंबरठा' हा शब्द माझ्या डोक्यात बसला. त्यानंतरचे साडेसात किलो कसे उतरले ते सांगत बसत नाही, त्यात गंमत काही नाही. रोज तेच तेच केलं, एवढंच. पण मध्येच, गेल्या डिसेंबरात, आम्ही चार दिवस एका रिसॉर्टला गेलो होतो. नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण सगळं बुफे, सगळं पैशात धरलेलं. चार दिवसांनी काटा २.६ किलो वर. मी रडायची बाकी राहिले होते.

माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी तेव्हा कागदावर हिशेब मांडून दाखवला. अंगावर एक किलो चरबी चढायला साधारण ७,७०० कॅलरी गरजेपेक्षा जास्त खाव्या लागतात. २.६ किलोच्या झाल्या वीस हजार. म्हणजे चार दिवस, रोज गरजेच्या वर आणखी पाच हजार. "एवढं खाल्लंत का हो?" नव्हतं खाल्लं. मग उरलेलं काय? पाणी. भात, पाव, गोड जास्त झालं की शरीर त्यातली साखर ग्लायकोजेन म्हणून साठवतं, आणि ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर हॉटेलच्या जेवणातलं मीठ, तेही पाणी धरतं. पंधरा दिवसांत १.६ किलो आपोआप उतरलंही. पण एक किलो राहिलं. ते मात्र खरं होतं, आणि ते उतरायला दोन महिने गेले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला जास्त लागली. अमेरिकेत १९५ माणसांची सणासुदीच्या दिवसांतली वजनं मोजून केलेला एक अभ्यास २००० साली छापून आला होता. त्यात सरासरी वाढ फक्त ०.३७ किलो निघाली. दिसायला काहीच नाही. पण पुढच्या काही महिन्यांत ती उतरलीही नाही. दर वर्षी पाव-अर्धा किलो, आणि वीस वर्षांनी आपण म्हणतो, "वयामुळे सुटले."

तर या वेळी ठरवलं होतं ते एवढंच की गोव्यात वजन कमी करायचं नाही, वाढवायचंही नाही. जाताना जेवढी, येताना साधारण तेवढी. बाईंनीही हेच सांगितलं: सुट्टीत उतरवायला जाऊ नका, सुट्टीही जाते आणि वजनही वाढतं.

आम्ही एकूण अकरा जण. सासूबाई, मोठे भावजी-जाऊबाई आणि त्यांचा मुलगा, आम्ही तिघं, नणंद, तिचे यजमान आणि त्यांची दोन पोरं. ठाण्याहून मांडवी एक्सप्रेस. ज्यांनी या गाडीने प्रवास केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी बसायचं, संध्याकाळी मडगावला उतरायचं, आणि मधल्या वेळात डब्यातून सतत काही ना काही जात असतं. कटलेट, वडे, ऑम्लेट, चहा, पुन्हा वडे, गुलाबजाम. या गाडीची ख्यातीच तिच्या खाण्यामुळे आहे. मला धास्ती या गाडीचीच होती.

पण घात गाडीने केला नाही. घात केला आमच्याच पिशवीने.

सासूबाईंनी दिवाळीचा उरलेला सगळा फराळ एका मोठ्या कापडी पिशवीत भरून आणला होता. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, दोन प्रकारचे लाडू, शेव, अनारसे. जाऊबाईंनी त्यांचा वेगळा आणला होता. रोहा गेलं तशी पिशवी उघडली. "खा गं, संपवायचाय." चिपळूणला पुन्हा. "घे की, परत थोडाच न्यायचाय!" रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. गाडी अंधारात शिरली, बोलणं थांबलं, आणि चिवड्याचा डबा हातोहात फिरायला लागला. बाहेर उजेड आला तेव्हा डबा माझ्याच मांडीवर होता आणि अर्धा रिकामा होता. मी किती खाल्ला ते मला आजही सांगता येणार नाही. भूक नव्हती. चिवडा तर चार दिवस घरात समोर होता, तेव्हा मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

तिथे मला तो शब्द ऐकू आला. म्हणजे आयुष्यभर ऐकत आलेय, पण ऐकू तिथे आला. संपवायचंय. आमच्या घरात निम्मं खाणं या एका शब्दावर चालतं. लेकीच्या ताटातली पोळी मी संपवते, कढईतली भाजी मी संपवते, शिकरणीचा तळ मी संपवते. अन्न टाकू नये हे बरोबरच आहे. पण टाकू नये म्हणून ते प्रत्येक वेळी माझ्यातच का टाकायचं, हा प्रश्न मला बेचाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता.

मग तिथेच, कोकण रेल्वेच्या खिडकीत बसून, मी माझ्यापुरता एक नियम केला: जे ठाण्यात मिळतं ते गोव्यात खायचं नाही. बास. कॅलरी मोजायच्या नाहीत, वजन करायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही. गोव्याचं असेल तर खायचं, मनापासून खायचं. नसेल तर हात मागे.

कटलेटही या नियमात बसत नव्हतं. मी मांडवीचं कटलेट एक खाल्लं. रत्नागिरी म्हणजे गोव्याची वेसच, अशी मनाची समजूत घातली.

घर बाणावलीला घेतलं होतं, समुद्रापासून दहा मिनिटांवर. मुद्दाम स्वयंपाकघर असलेलं, कारण बुफेचा धडा ताजा होता. हॉटेलात नाश्ता पैशात धरलेला असला की माणूस पैसे वसूल करायला खातो. हेही एक संपवणंच. इथे नाश्त्याला जे आणू तेच. घर सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या, कोकणी-मराठी मिसळून बोलायच्या, आणि सांगितलं तर स्वयंपाकही करून द्यायच्या.

पहिल्या सकाळी साडेसहाला गल्लीत पों पों वाजलं. पोदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे वेताची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. मी चप्पल न घालताच धावले. प्लास्टिक बाजूला केलं तशी गरम वाफ आणि भाजलेल्या कोंड्याचा वास आला. आत गोव्याचे पाव, एका बाजूला उंडे, एका बाजूला काकणं, आणि मध्ये पोया, पिठाने पांढुरक्या, फुगलेल्या, हातात घेतल्या तर आत पोकळ. पूर्वी या पिठात माडाची सूर, म्हणजे माडी, घालून ते फुगवायचे, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. लोक पोईला डाएटचा पाव म्हणतात, ते मात्र फारसं मनावर घेऊ नये. कोंडा असतो खरा, पण हल्ली बऱ्याच ठिकाणी मैदाही चांगलाच मिसळलेला असतो. मी ती पौष्टिक म्हणून खाल्लीच नाही, ती ठाण्यात मिळत नाही म्हणून खाल्ली. एक पोई, आत दोन अंड्यांचं ऑम्लेट, कांदा, आणि वाटीभर पातळ भाजी. दुपारी दीडपर्यंत काही लागलं नाही. अंडं सोडून नुसती पोई-चहा खाल्ली त्या दिवशी मात्र अकरालाच पोटात कावळे. त्यानंतर अंड्याशिवाय पोईला हात लावला नाही.

चालण्याचं आधीच ठरलं होतं. रोज सकाळी नाश्त्याआधी किनाऱ्याने कोलव्यापर्यंत जायचं आणि परत यायचं, तास-सव्वा तास. पहिल्या दिवशी मी एकटी. दुसऱ्या दिवशी नवरा. तिसऱ्या दिवशी नणंदही, आणि ती आल्यावर चालणं कमी आणि सासरच्या गप्पा जास्त, पण वेळ तेवढाच गेला. एक चूक मात्र केली. मऊ, सुक्या वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त ताकद लागते, हे कुठेतरी वाचलं होतं. म्हटलं, मग सुक्या वाळूतूनच चालू, दामदुप्पट फायदा! तिसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरत होते. चौथ्या दिवसापासून गुपचूप ओल्या, कडक वाळूवर आले.

दुसऱ्या सकाळचं मला विसरता येणार नाही. परतताना पुढे माणसांची रांग दिसली. रांपण ओढत होते. मोठं जाळं होडीतून अर्धवर्तुळात टाकून येतात आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. वीस-पंचवीस जण, त्यात साठी ओलांडलेले चार-पाच. नवऱ्याने उगाच विचारलं, "आम्ही धरू का?" एकाने मान हलवून जागा करून दिली. दोर ओला, जड, मिठाने खरखरीत. टाच रोवायची, अंग मागे टाकायचं, दोन पावलं मागे यायचं, पुन्हा पुढे जाऊन धरायचं. दहा मिनिटांत माझे दंड थरथरायला लागले. शेजारचे आजोबा न बोलता ओढत होते, त्यांच्या पाठीवर चरबीचा मागमूस नव्हता. जाळं जवळ आलं तसं पाणी चंदेरी झालं. तारले, बांगडे, थोडी सुंगटं, म्हणजे कोळंबी. आम्ही डझनभर बांगडे विकत घेतले. पैसे देताना आजोबांनी वर दोन जास्त टाकले, दोर ओढल्याबद्दल असावेत.

मावशींनी त्यातले निम्मे रेशाद केले: पोटात लाल मिरची, लसूण, व्हिनेगरचा मसाला भरून तव्यावर, अगदी बेताच्या तेलात. निम्म्यांची आमटी. मी दोन बांगडे खाल्ले, सावकाश, काट्यापासून सोडवून सोडवून. काट्याच्या माशाचा हा एक गुण कोणी सांगत नाही, तो घाईने खाताच येत नाही.

बाहेरच्या फिश थाळीचंही गणित मला तीन दुपारी बघून कळलं. मासा बिचारा निरपराध असतो. वजन वाढतं ते भाताच्या डोंगराने आणि रव्याच्या कवचाने. ताटात काय काय येतं: उकडा भात, हुमण (माशाची आमटी), तिसऱ्यांचं सुकं, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एखादी भाजी, लोणचं, सोलकढी आणि वर एक रवा लावून तळलेला तुकडा. वाढपी भात घेऊन टेबलामागेच उभा असतो. ताट रिकामं दिसलं की त्याला राहवत नाही. तेव्हा पहिल्यांदाच म्हणायचं, "भात निम्माच." मग आधी तिसऱ्या, मासा, भाजी, आणि शेवटी दोन मुठी भात हुमणाबरोबर. हुमणाशिवाय भात खायचा नाही आणि भाताशिवाय हुमण वाया घालवायचं नाही, इथवर मी आले. रव्याऐवजी 'मसाला लावून तव्यावर' म्हटलं तर दोन ठिकाणी हसत करून दिलं. तिसऱ्या ठिकाणी कपाळाला आठ्या पडल्या, तिथे रवाच खाल्ला. आमसुलाची सोलकढी मात्र मी सगळ्यांची प्यायले. हेही संपवणंच, पण या संपवण्याचं मला काही वाटलं नाही.

आता घरच्यांबद्दल लिहायला हवं, कारण खरी कसरत तिथेच होती.

पहिल्या रात्री जेवायला बसलो आणि मी म्हणून गेले, "मी भात कमी करतेय." झालं. पुढची वीस मिनिटं माझ्या भातावर चर्चा. भावजी म्हणाले, "एवढे पैसे खर्च करून उपाशी राहायला आलीस का?" पुतण्याने मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ काढून कार्ब म्हणजे विष असं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही." जाऊबाई गप्प होत्या. रात्री भांडी आवरताना त्या हळूच म्हणाल्या, "एक सांगू? राग मानू नकोस. तू असं बोललीस ना की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. वाटतं, आपणच काहीतरी पाप करतोय."

मला आधी रागच आला. मी माझ्या ताटाबद्दल बोलत होते, तुमच्या नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर पटलं. जाऊबाईंचं वजन माझ्याहून जास्त आहे आणि गेली दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला कोणीतरी त्यांना त्यावरून बोललंय. त्यात आता मी. दुसऱ्या दिवसापासून ताटावर बसून खाण्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवलं. भात कमी घ्यायचा, पण जाहीर करायचा नाही. आग्रह झाला तर "नको" म्हणायचं नाही, "मागून घेते" म्हणायचं. मराठी घरात 'नको' हा चर्चेचा आरंभ असतो, 'मागून घेते' वर विषय संपतो. कोणी लक्ष ठेवत नाही मागून घेतलं की नाही.

पोरांच्या ताटांचं वेगळं. नणंदेची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, प्रत्येक जेवणात अर्धं टाकणारी, आणि ती ताटं सवयीने माझ्यासमोर सरकायची. मी लेकीला सांगितलं, आजपासून आपण दोघी ताट उचलायला उठायचं, खायला नाही. उरलेला पाव आणि भात मावशींच्या कोंबड्यांना. कोंबड्या खूश, पोरं त्याहून खूश, आणि माझ्या वाट्याचे दिवसाला दोन-चार घास तरी टळले. सासूबाईंनाही हे चाललं, कारण अन्न टाकलं नव्हतं.

तिसरा दिवस कवळ्याचा. सासरचं कुलदैवत शांतादुर्गा. मूळ स्थान केळोशीचं, पोर्तुगीजांच्या काळात सोळाव्या शतकात देवी नदीपलीकडे कवळ्याला आणली. आत्ताचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं. दर्शन झालं, ओटी भरली, आणि जेवण भटजींच्या घरी. इथे नियम मोडायचा प्रश्नच नव्हता, सगळंच गोव्याचं. केळीच्या पानावर खतखतं (मिश्र भाज्यांचं), वालपापडीची भाजी, वरण-भात आणि मणगणं. मणगणं ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी: हरभऱ्याची डाळ आणि साबुदाणा शिजवून त्यात गूळ आणि नारळाचं दूध घालतात, वर काजू आणि वेलची. मी दोन वाट्या घेतल्या. दुसरी वाटी आग्रहाने नव्हे, मागून. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोणी काही बोललं नाही. जाऊबाई हसल्या तेवढ्या.

त्या रात्री जेवायला भूक नव्हती म्हणून ताक पिऊन झोपले. उपास म्हणून नव्हे. हा फरक मला सव्वा वर्षाने शिकवलाय, त्याचा दाखला लगेच पुढे येतोच.

चौथ्या दिवशी पणजी. फोंतेन्यातल्या गल्ल्या, मग पांढऱ्या चर्चच्या नागमोडी पायऱ्या, मग आल्तिन्होचा चढ. पुतण्याच्या मोबाईलमध्ये सतरा हजार पावलं. इथवर सगळं छान. त्याच दिवशी भावजींचा पन्नासावा वाढदिवस, आणि संध्याकाळी किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये बैठक.

मी काजूची फेणी घेतली, ती तर गोव्याचीच. २००९ पासून तिला भौगोलिक मानांकनही आहे, म्हणजे नियमात चोख बसते. लिंबू, मीठ, एक मिरची आणि साधा सोडा. तीस मिलीत सत्तरेक कॅलरी, त्याचं काही नाही, गोड शीतपेय ओतलं तर त्या एका ग्लासात साखरच सात-आठ चमचे जाते. हे सगळं मला पाठ होतं. दोन घेतल्या. आणि मग जे पाठ नव्हतं ते झालं. दोन पेगनंतर हात आपोआप चालायला लागतो. मुलांसाठी मागवलेले फ्रेंच फ्राइज. ते संपले, आणखी मागवले. चिली चिकन. शेजवान राइस. घरी आल्यावर कोणीतरी फराळाची पिशवी काढली, त्यातून शेव आणि शंकरपाळे. केक अर्थातच. रात्री साडेअकराला मी स्वयंपाकघरात उभी राहून बेसनाचा लाडू खात होते आणि मला तो आवडतही नव्हता. त्या सगळ्यात फेणी सोडून एकही गोष्ट अशी नव्हती, जी ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या कुठल्याही कोपऱ्यावर मिळत नाही.

सकाळी उठले तर बोटातली अंगठी रुतलेली. मीठ. पूर्वीची मी असते तर त्या दिवशी कडक उपास धरला असता, लिंबूपाणी घेतलं असतं, आणि संध्याकाळी सात वाजता भुकेने वेडी होऊन जे दिसेल ते खाल्लं असतं. हे मी इतक्या वेळा केलंय की त्याची वेळसुद्धा सांगू शकते. या वेळी मावशी विचारत होत्या, "आज पेज करूं गो बाय?" मी हो म्हटलं. उकड्या तांदळाची पेज, बरोबर चेपणीचं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात घातलेली कोवळी कैरी, आणि सुक्या बांगड्याचा एक भाजलेला तुकडा. मीठच मीठ, कबूल, अंगठी काही लगेच सैल होणार नव्हती. पण इतकं साधं आणि इतकं पोट शांत करणारं मी त्या सहा दिवसांत दुसरं काही खाल्लं नाही. दुपारी नेहमीचं जेवले. संध्याकाळी चालायला गेले. आदल्या रात्रीचा हिशेब मी कुठेच चुकता केला नाही.

पाचव्या दिवशी टेप काढली. कंबर ८८ ची ८८.५. आपल्याकडच्या बायकांनी ८० च्या आत राहावं म्हणतात, तिथवर मला अजून बराच पल्ला आहे. अर्ध्या सेंटिमीटरवर मी टेप गुंडाळून ठेवली.

शेवटच्या संध्याकाळी मडगावच्या बाजारात बेबिंका घेतला. सात थरांचा. अंड्याचा बलक, नारळाचं दूध, साखर, मैदा आणि तूप, एकेक थर भाजून झाला की वर दुसरा. हे वाचूनच वजन वाढावं. मी म्हटलं, अकरा जणांत एक बेबिंका, आज रात्रीच कापू, गरम करून. एवढी एकच सूचना मी त्या सहलीत मोठ्याने केली. बोटाएवढ्या जाडीचा तुकडा आला वाट्याला. कडेचा थर जरासा करपलेला, कारमेलच्या वासाचा. मी तो काट्याने थर सोडवत खाल्ला, सातही थर वेगवेगळे. लेक म्हणाली, "आई, तू परीक्षा दिल्यासारखी खातेयस."

जाऊबाईंनी आणखी तीन बेबिंके बांधून घेतले. "घरी न्यायला." परतीच्या गाडीत कणकवलीच्या आसपास पहिला उघडला. उन्हाने मऊ पडलाय, टिकायचा नाही, संपवायला हवा. मी खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. कणकवली ते चिपळूण, चांगले तीन-चार तास. मान अवघडली.

ठाण्यात पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी काटा ६९.६. सव्वा किलो वर. पोटात धस्स झालं, हिशेब पाठ असूनही. सहा दिवसांनी ६८.७ होता आणि अंगठी नेहमीसारखी फिरत होती.

त्याच रविवारी सासूबाईंनी फराळाची पिशवी ओट्यावर रिकामी केली. ती गोव्याला जाऊन आली होती, सहा दिवस बाणावलीच्या दमट हवेत राहिली होती आणि तळाशी अजून चकल्यांचा एक डबा शिल्लक होता. "घे गं, एवढ्या संपवून टाक." आता आम्ही ठाण्यात होतो, तेव्हा नियम लागू नव्हता. मी एक घेतली. पार मऊ पडली होती.